सातशे एमबीचा मानपान

माझ्या टायपिंगच्या क्लासात दर रविवारी सकाळी चार पुरुष भांडायला यायचे. हातघाई नसायची, शिव्याही बेतानंच असायच्या, पण आवाज असा चढायचा की खालच्या मजल्यावरचे गिरणीवाले पट्टा थांबवून जिन्यात यायचे आणि विचारायचे, "बाई, काय झालंय वर? भाऊबंदकी हाय काय?"

"न्हाय हो," मी सांगायचे, "कॉम्प्युटरात काय काय घालायचं ते ठरवायलेत."

"मग घाला की सगळंच," असं म्हणून ते अंगावरचं पीठ झटकत खाली जायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

त्यांचा सल्ला अगदीच वाया गेला असं नाही. आम्ही शेवटी जवळजवळ तेच केलं, आणि त्यातच माझा क्लास बुडायची वेळ आली.

क्लासची गोष्ट आधी सांगायला हवी. नव्वदच्या दशकात मंगळवार पेठेतल्या त्या वरच्या मजल्यावर माझी बावीस मशीनं होती. मशीन म्हणजे टाइपरायटर. आमच्या धंद्यात दुसऱ्या कशाला मशीन म्हणत नसत. सकाळी सहाला पहिली बॅच बसायची. पेठ वडगावच्या मुली पहिल्या एसटीनं यायच्या, डोळे अर्धे मिटलेले, पण बोटं जागी. पाठ ताठ, नजर पुस्तकावर, बोटांकडं बघितलं की हातावर पट्टी. मला त्या पट्टीचा पश्चात्ताप वगैरे काही होत नाही. त्या मुली आज सरकारी कचेऱ्यांतून झरझर टाइप करतात आणि रस्त्यात भेटल्या की अजून पाठ ताठ करतात.

मग दोन हजार साल उलटलं आणि गावभर कॉम्प्युटरचे क्लास निघाले. काचेचं दार, गार हवा आणि चपला बाहेर काढायच्या. आमच्याकडं चपला घालून आत येता यायचं, त्यामुळं आमचं शिक्षण हलकं ठरलं. पालक जिना चढून यायचे, मशीनांकडं बघायचे आणि विचारायचे, "कॉम्प्युटर हाय काय?" नाही म्हटलं की आल्या पावली परत. ज्या वर्षी सहाच्या बॅचला एकच मुलगी उरली, आणि तीही घरी झोपू देत नाहीत म्हणून येत होती, त्या वर्षी मी ठरवलं की कॉम्प्युटर आणायचे. तरीही जूनची बॅच भरली नाही तर कुलूप लावायचं आणि गप घरी बसायचं. घरी बसणं मला जमणारं नव्हतं. मला स्वयंपाकघरात फार वेळ ठेवणं घरच्यांनाही परवडण्यासारखं नव्हतं.

इचलकरंजीच्या एका कापडवाल्यानं ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढले होते, त्यातले सात मी आणले. सोबत एक प्रिंटर मिळाला, सुयांनी ठिपके मारत ओळ ओळ छापणारा, चालू झाला की अख्ख्या पेठेला कळावं असा. सातही कॉम्प्युटरांच्या आतल्या डिस्क मेल्या होत्या किंवा मरायला टेकल्या होत्या. विकणारा म्हणाला, नव्या डिस्क घाला, मी सगळं कॉपी करून देतो, सगळेच असं करतात. मी म्हटलं, म्हणजे चोरीचं. तो हसला. मी आयुष्यभर एका मुलीला दुसरीच्या कागदात डोकावू दिलं नाही, आणि आता चोरीच्या मालावर क्लास चालवू? मी त्याला चहा न विचारता वाटेला लावलं. कोल्हापुरात ही फार मोठी शिक्षा आहे.

तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. मराठी चाळीसच्या, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांच्या, परीक्षेत दोनदा नापास झालेला हा मुलगा आता तिशी ओलांडून इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर झाला होता. कॉम्प्युटर चालवायला मुळात एक व्यवस्था लागते, ती पैसे न देता आणि चोरीही न करता मिळते, तिचं नाव लिनक्स, असं त्यानं मला समजावलं. जगभरातले लोक ती तयार करतात आणि ज्याला हवी त्याला देतात. त्यात कुणी चित्रांचे प्रोग्राम घालतं, कुणी गाण्यांचे, कुणी लिहायचे, आणि आपापली सीडी बनवून वाटतं. सीडी घातली की कॉम्प्युटर डिस्कशिवायसुद्धा तिच्यावरूनच चालतो.

"आपण आपलीच सीडी बनवू, बाई," तो म्हणाला. "तुमच्या सात कॉम्प्युटरांना सात सीड्या. मग पुढं सगळ्या जिल्ह्याला वाटू."

जिल्ह्याचं मला काही नव्हतं. मला जूनची बॅच हवी होती. पण मी हो म्हटलं, आणि पुढच्या रविवारी तो आणखी तिघांना घेऊन आला.

एक होते तार मास्तर. पोस्टातून निवृत्त झालेले, आयुष्यभर कट्ट-कड कट्ट करून तारा पाठवलेले. कॉम्प्युटरचा काळा पडदा आणि त्यावरची पांढरी अक्षरं त्यांना फार आवडायची. चित्रं दिसायला लागली की ते चष्मा काढून ठेवायचे. दुसरे उद्यमनगरचे लेथवाले, लोखंडी भाग कातायचा कारखाना असलेले. घरात कानडी बोलायचे, कामगारांशी मराठी आणि लेथशी दोन्ही मिसळून. तिसरा केबलवाला. त्याच्या वायरी अर्ध्या पेठेच्या कौलांवरून गेल्या होत्या, आणि कुणाच्या घरात काय चाललंय हे त्याला टीव्हीपेक्षा आधी कळायचं. एका रविवारी तो घरून डबाभर शीरखुर्मा घेऊन आला आणि त्या दिवशी भांडण जरा गोड झालं.

सीडीत जागा सातशे एमबीची. ज्या तयार सीडीवरून आम्ही आपली बनवत होतो ती मूळ सीडी आधीच भरलेली. नवीन काही घालायचं तर जुनं काही काढायचं, एवढा साधा हिशोब. त्यावर दोन महिने गेले.

लेक्चररला लिहायचा एक विशिष्ट प्रोग्राम हवा होता. जगात त्याच्यासारखं काही नाही, असं त्याचं म्हणणं. मी एकदा त्यात शिरले आणि बाहेर कसं पडायचं ते कळेना. कुठलीही कळ दाबली की तो नवीनच काहीतरी करायचा. शेवटी मी भिंतीवरचं बटण बंद केलं. "बाई, तुम्ही शिकाल हळूहळू," तो म्हणाला. ज्याला मी दोनदा नापास होताना पाहिलं त्यानं हे मला म्हणावं! शिवाय त्याला प्रोग्रामिंगचा सगळा सरंजाम हवा होता, मुलींना पुढं उपयोगी पडेल म्हणून. लेथवाल्यांना यंत्राच्या भागांची चित्रं काढायचा प्रोग्राम हवा होता. तोही मुलींना पुढं उपयोगी पडणार होता. केबलवाल्याला गाणी वाजवायचा एक आणि सिनेमे दाखवायचे दोन हवे होते. दोन कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "एक बंद पडला तर? गिऱ्हाईक थांबतंय व्हय?" आणि तार मास्तरांनी अगदी संकोचानं सांगितलं की तारेची कट्ट-कड शिकवणारा एक लहानसा प्रोग्राम असतो, तो राहिला तर बरं. मुलींना त्याचा काय उपयोग हे सांगायचा प्रयत्नसुद्धा त्यांनी केला नाही. त्यामुळं मला तोच सगळ्यांत पटला.

आता बाहेरगावचा माणूस म्हणेल, त्यात काय, बसून ठरवायचं, नको ते नको म्हणायचं. तो कोल्हापुरात राहिलेला नसणार. आमच्याकडं माणसाला तोंडावर "तुमचं नको" म्हणत नाहीत. भांडतील, टेबल आपटतील, अक्कल काढतील, पण नको म्हणणार नाहीत. लग्नात ज्याचा त्याचा टॉवेल-टोपीचा मान असतो तसा प्रत्येकाच्या प्रोग्रामाचा मान झाला. लेथवाल्यांचं घातलं आणि केबलवाल्याचं नाही घातलं तर केबलवाला उद्यापासून जिन्याखालून मान वळवून जाणार. म्हणून दर रविवारी कडाकडा भांडून झालं की शेवटी सगळ्यांचंच आत जायचं.

आणि मी? मी उप्पीट करायचे. कधी शिरा, पाऊस असला की भजी. लेक्चरर अधूनमधून विचारायचा, "बाई, तुमचं काय घालायचं?" मी म्हणायचे, "आधी तुमचं होऊ दे. माझं काय, घरचंच आहे." हे मी मोठेपणानं म्हणत नव्हते. आमच्या घरी पंगतीत पाहुणे आधी बसतात, घरचे शेवटी, आणि भाजी संपली तर घरच्यांनी लोणच्याशी खायचं. क्लास माझा, तेव्हा मी घरची आणि ते चौघे पाहुणे. माझी मागणी एकच होती आणि ती मला इतकी उघड वाटत होती की ती सांगायची असते हेच माझ्या डोक्यात आलं नाही. मला कागद हवा होता.

टायपिंगवाल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही. मशीनवर पहिली कळ दाबली की अक्षर कागदावरच पडतं. कागद नाही तर टायपिंग नाही, नुसती बोटांची कसरत. मूळ सीडी घालून मी त्या ठिपकेवाल्या प्रिंटरवर एकदा छापूनही बघितलं होतं. छान आलं होतं, मराठी अक्षरं आणि सगळं. त्या जोरावर मी जिन्याशी फळा लावला होता: पहिल्याच दिवशी मुलगी स्वतः टाइप केलेला छापील अर्ज घेऊन घरी जाईल. येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी हे तोंडीही सांगितलं होतं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी जागा संपली. तार मास्तर खुर्चीवर बसले, हातात यादी. एकेक नाव वाचायचं आणि विचारायचं, "हे कुणाचं?" कुणीतरी "माझं" म्हणायचं. मग ते राहायचं. निम्मी यादी झाली तरी काही निघेना. मग त्यांनी वाचलं, "छपाईची व्यवस्था आणि प्रिंटरांची यादी. लई मोठं आहे हे. हे कुणाचं?"

केबलवाल्यानं पडद्याकडं बघितलं. "आयला, एवढे प्रिंटर हायत व्हय जगात?"

लेथवाले म्हणाले, "माझं कारखान्यात येगळं हाय. मला नगो."

लेक्चरर म्हणाला, कॉलेजात छपाईला दुसरी खोली आहे.

"म्हणजे कुणाचंच न्हाय?" तार मास्तरांनी चौघांकडं बघितलं, म्हणजे स्वतःसकट. मग माझ्याकडंही बघितलं. मी दाराजवळच्या स्टुलावर उप्पिटाचं पातेलं मांडीवर घेऊन बसले होते. शब्द माझ्या ओठावर आला होता, हे मी खोटं सांगत नाही. पण तेवढ्यात केबलवाल्याची ताटली रिकामी दिसली आणि मी वाढायला उठले. मला वाटलं, जगातले बाकीचे प्रिंटर काढत असतील, आपला तर इथंच टेबलावर बसलाय, त्याला कोण काढतंय?

"मग काढा," मास्तर म्हणाले.

सीडी तयार झाली. लेथवाल्यांनी नारळ फोडला. मी सीडीला हळदकुंकू लावायला गेले तर लेक्चरर ओरडला, "बाई, त्या बाजूला नको!" मग उलट्या बाजूला लावलं. सातही कॉम्प्युटर एकदम सुरू झाले तेव्हा चौघांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघून मलाही भरून आलं. प्रिंटर चालवून बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

जूनचा पहिला सोमवार, सकाळी दहा. वीसेक मुली आणि त्यांच्यासोबत तेवढेच पालक जिन्यापर्यंत उभे, आणि आपली सीडी चालताना बघायला आमचे चौघेही हजर. पहिल्या सात मुली बसवल्या. मागच्या महिन्यात मी फी न घेता त्यांची बोटं मशीनवर बसवून घेतली होती. टाइप करायला नोकरीसाठीचा अर्ज दिला, साधा, दहा ओळींचा. एक मुलगी उचगावची होती, बारावी झालेली, आईला घेऊन आलेली. आई उद्यमनगरात एका कारखान्यात पॅकिंगला जायची आणि त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. पदर खोचून ती मुलीच्या मागं उभी राहिली, ती हललीच नाही. बाकी पालक पंखा शोधत होते.

मुलीनं अर्ज पुरा केला. एकही चूक नाही. मी स्वतः पुढं झाले, छापायचा हुकूम दिला आणि प्रिंटरकडं ऐटीत हात केला.

प्रिंटर गप्प. पडद्यावर एक चौकट आली: प्रिंटर नाही.

मी पुन्हा दिला. पुन्हा तेच. तो समोर बसलाय, हिरवा दिवा लागलाय, आणि कॉम्प्युटर माझ्या तोंडावर सांगतोय की प्रिंटर नाही. मी लेक्चररकडं बघितलं. तो काहीतरी टाइप करू लागला आणि मग हळूच म्हणाला, "बाई, ते आपण काढलं ना."

"परत घाल."

"पूर्ण सीडी परत बनवावी लागेल. दिवस जाईल."

वीस पालक बघताहेत. तेव्हा त्या चौघांनी आपापल्या परीनं मदत सुरू केली, आणि ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. केबलवाल्यानं लोकांचं मन रमावं म्हणून गाणं लावलं. लेथवाले एका वडिलांना पडद्यावर गिअरचं चक्र फिरवून दाखवू लागले. लेक्चररनं आपला बाहेर न पडता येणारा प्रोग्राम उघडला, कशासाठी ते देव जाणे. तार मास्तर तेवढे कोपऱ्यात मान खाली घालून उभे राहिले.

मी कपाटाजवळचं मराठी मशीन ओढलं. कागद घातला, उचगावच्या मुलीला म्हटलं, "वाच गं." तिनं पडद्यावरचा अर्ज वाचला, मी टाइप केला. मिनिट-दीड मिनिटात सुबक कागद तयार. मी तो तिच्या आईच्या हातात दिला.

आईनं कागद बघितला, मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बाई, ह्ये तर तुमी केलं."

"मजकूर तिचाच आहे."

"मजकूर आसंल. पर केलंसा तुमी. पोरीनं केल्यालं द्या की."

तिनं कागद घडी न घालता परत टेबलावर ठेवला. "बिस्तारवारी माझी सुट्टी असती. त्या दिशी परत येतो. पोरीचा कागुद निगाला तर नाव घालतो, न्हाय तर न्हाय," म्हणाली आणि लेकीला घेऊन जिना उतरली. तिच्यामागोमाग बाकीचेही, "बघू बाई", "कळवतो बाई" करत पांगले. त्या सकाळी रजिस्टरात एकही नाव चढलं नाही.

मग मी त्या चौघांवर तोंड सोडलं. वीस वर्षांत मुलींना जे बोलले नव्हते ते सगळं बोलले. तुमची गाणी, तुमची चक्रं, तुमचा तो भुलभुलैया, दोन महिने माझं उप्पीट हादडलंत आणि एक कागद निघत नाही तुमच्यानं! गिरणीवाले पट्टा थांबवून अर्ध्या जिन्यापर्यंत आले आणि माझा आवाज ऐकून न विचारताच परत गेले.

मी दम घ्यायला थांबले तेव्हा तार मास्तर बोलले. त्यांचा आवाज नेहमीच हळू असायचा.

"बाई, चूक आमची. पण त्या रविवारी मी विचारलं होतं, हे कुणाचं. तुमच्याकडं बघून विचारलं होतं. तुम्ही 'माझं' का म्हणाला नाहीत?"

मला राग आला, फार आला, कारण मास्तर खरं बोलत होते. हजारभर मुलींना मी अर्ज लिहायला शिकवलं. विषय वर लिहा, काय हवं ते पहिल्या वाक्यात सांगा, आडवळण नको, समोरच्याला वेळ नसतो. आणि मी स्वतः दोन महिने पातेलं मांडीवर घेऊन बसले होते, कुणीतरी ओळखेल म्हणून. मला स्वतःचीच लाज वाटली.

"माझं आहे ते," मी म्हणाले. "छपाई माझी आहे. आधी ती घाला, मग तुमचं काय उरेल ते बघू."

मग मास्तर म्हणाले, "माझी तार काढा."

लेक्चरर म्हणाला, "मास्तर, ती चिमटीभर आहे, काढून काही जागा होत नाही."

"तरी काढा. सुरुवात तर होईल."

ते ऐकून केबलवाल्यानं कान खाजवला आणि सिनेम्याचा एक प्रोग्राम सोडला. थोड्या वेळानं दुसराही सोडला. लेथवाले कानडीत काहीतरी पुटपुटले, पण त्यांनी आपलं चक्र सोडलं. "मुलींना काय करायचंय गिअर," असं स्वतःशीच म्हणाले, आणि दोन महिन्यांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं. उरला लेक्चरर. तो पडद्याकडं बघत बसला. मी त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले, परीक्षेच्या वेळी राहायचे तशी. त्याची पाठ आपोआप ताठ झाली. त्यानं प्रोग्रामिंगचा सगळा सरंजाम काढला. लिहायचा तो एक प्रोग्राम मात्र काढायला त्याचा हात होईना. मी म्हटलं, राहू दे तो, आणि मास्तरांची तारही राहू दे, ती चिमटीभरच आहे. मास्तरांनी चष्मा पुसला.

नवी सीडी बुधवारी दुपारी झाली. प्रिंटर कर्कश ओरडत चालू झाला तेव्हा मला रडूच फुटलं. बुधवारी संध्याकाळी मी तो अकरा वेळा चालवून बघितला.

गुरुवारी दहाला त्या मायलेकी आल्या. आईनं सोमवारसारखाच पदर खोचलेला. सोमवारचा मजकूर कॉम्प्युटर बंद केल्याबरोबर पुसला गेला होता, सीडीवर काही साठत नाही. मुलगी नव्यानं बसली. ह्या वेळी तिनं तीन चुका केल्या. एकेक मागं जाऊन दुरुस्त केल्या. मी पाठीमागं हात बांधून उभी होते. चौघेही आले होते, नोकरी-धंदा सोडून, आणि भिंतीला टेकून उभे होते.

मुलीनं छापायचा हुकूम दिला. सुया खडखडल्या, कागद एक एक ओळ वर सरकला. विषय आला, महोदय आलं, दहा ओळी आल्या. सगळ्यात शेवटी 'आपली विश्वासू' आणि खाली तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मी कागद फाडून आईला द्यायला गेले, पण मुलीनंच तो काढला आणि आईच्या हातात दिला.

आईला वाचता येत होतं, सावकाश. मजकूर तिनं वाचलाच नाही. खालपर्यंत नजर नेली आणि नावावर बोट ठेवलं.

"हिनंच केलं न्हवं?"

"तिनंच. तुमच्या डोळ्यांसमोर."

तिनं नावावरचं बोट उचललं नाही. मग म्हणाली, "आमच्या घरात बाईमाणसाचं नाव आजपतोर छापून आलंय ते फकस्त लग्नाच्या पत्रिकंत. माझं आलं, माझ्या थोरलीचं आलं. त्याच्या आदी न्हाय, त्याच्या मागनं न्हाय." तिनं कागद पुन्हा बघितला. "हिचं त्याच्या आदी आलं. बरं झालं."

मी तिच्या बोटाखालचं ते नाव बघत राहिले.

"बगत काय बसलाय, बाई?" ती म्हणाली. "नाव घाला की हिचं."